फायब्रोमायल्जिया: ‘एकदाचं उरकून टाकते’ म्हणण्याआधी

वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्यांना बरं वाटत होतं. महिन्याभरात पहिल्यांदाच सकाळी अंग ठणकत नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, आज फराळ एकदाचा उरकून टाकते. भाजणी दळून आलेलीच होती. दोन किलोच्या चकल्या झाल्या, चिवडा झाला, शेव झाली, संध्याकाळी करंज्यांचं सारण भाजून झालं. सोऱ्या फिरवताना उजवा खांदा कुरकुरत होता, पण ‘आज जमतंय तर करून घेऊ’ म्हणून हात थांबले नाहीत. रात्री साडेदहाला ओटा पुसून त्या आडव्या झाल्या. लक्ष्मीपूजनाला त्यांना साडी नेसता आली नाही, निऱ्या धरायला बोटंच वळत नव्हती. भाऊबीज अंथरुणातच गेली.

चोपन्न वर्षांच्या या काकू दिवाळी झाल्यावर माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, “मॅडम, मी आळशी नाही हो.” मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आणि हे वाक्य मी दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते. काकूंना फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे महिनोन्‌महिने टिकणारं अंगभर दुखणं आणि थकवा. आजवर भेटलेल्या अशा पेशंटमध्ये मला आळशी माणूस आठवत नाही. बहुतेक जण उरकणारे असतात. अंग साथ देतंय तोवर चार दिवसांचं काम एका दिवसात ओढतात, मग चार दिवस पडून राहतात. हे चक्र वर्षानुवर्षं चाललं की ‘चार दिवस’ हळूहळू आठ होतात आणि झेपणारं काम निम्म्यावर येतं. हे चक्र कसं मोडायचं, तेवढंच या लेखात सांगायचं आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्हींचा उपयोग त्यासाठीच करायचा.

आधी निदान पक्कं करा

अंगभर दुखतं म्हणजे फायब्रोमायल्जियाच, असं धरून चालू नका. थायरॉइड कमी असलं, ‘ड’ जीवनसत्त्व किंवा बी-१२ कमी असलं, रक्त कमी असलं, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असल्या, तरी अंग दुखतं आणि थकवा येतो. आमवातासारख्या सांध्यांच्या आजारात सांधे सुजतात, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. त्यामुळे फॅमिली डॉक्टर किंवा संधिवाततज्ज्ञ यांच्याकडून एकदा नीट तपासणी आणि गरजेच्या रक्तचाचण्या करून घ्या. एकदा नीट केल्यावर मात्र दर दोन महिन्यांनी नवा एमआरआय काढत फिरू नका. त्यात पैसा जातो आणि मनातली भीती वाढते.

निदान कोणत्याही एका रिपोर्टवरून होत नाही. १९९० सालच्या अमेरिकन निकषांत शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायचे, आणि त्यातल्या ११ दुखल्या तर फायब्रोमायल्जिया धरायचे. २०१० नंतर ती पद्धत मागे पडली. आता शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखतात हे मोजतात आणि त्याच्या जोडीला थकवा, झोपून उठल्यावरही न जाणारा शीण, विसरभोळेपणा, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी यांचा विचार करतात. हे सगळं किमान तीन महिने टिकलेलं असावं लागतं. शंभरातल्या दोन-तीन जणांना हा त्रास असतो. बायकांमध्ये तो जास्त सापडतो, पण पुरुषांनाही होतो, आणि त्यांचं निदान फार उशिरा होतं. एसटीतले एक कंडक्टर सहा वर्षं मणक्याचाच इलाज करत होते.

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याचा अर्थ ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा होत नाही. या आजारात बिघाड स्नायूत किंवा हाडात नसतो, तो दुखण्याची वर्दी देणाऱ्या मज्जासंस्थेत असतो. सोसायटीत एकदा चोरी झाली की वॉचमन कसा मांजर गेलं तरी शिट्टी फुंकतो, तसं तुमच्या मज्जासंस्थेचं झालेलं असतं. शिट्टी खरीच वाजते, दुखणं खरंच असतं, फक्त प्रत्येक शिट्टीमागे चोर नसतो. पुढचं सगळं यावर उभं आहे: व्यायाम करताना किंवा पोळ्या लाटताना दुखलं तर त्याचा अर्थ काहीतरी तुटतंय असा नाही. वॉचमनला पुन्हा विश्वास बसेल इतक्या हळू, इतक्या नियमितपणे शरीर हलवत राहायचं आहे.

काही लक्षणं मात्र फायब्रोमायल्जियाच्या नावावर खपवू नका: ताप, कारण नसताना घटणारं वजन, सुजलेले गरम सांधे, एका हातातली किंवा पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, छातीत नव्याने येणारी कळ. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फिजिओकडे कशासाठी, ओटीकडे कशासाठी

फिजिओथेरपिस्ट तुमच्या शरीराची क्षमता वाढवतात: चालणं, ताकद, लवचीकपणा, दम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, ती क्षमता तुमच्या दिवसात कशी वापरायची ते बसवून देतात. मराठीत आमच्या शाखेला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्यामुळे ‘तुम्ही नोकरी लावून देता का?’ असं लोक खरंच विचारतात. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं, अगदी केस विंचरण्यापासून. १९५० साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण भारतात पहिल्यांदा सुरू केलं. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या. म्हणजे ही शाखा आपल्याकडे पंचाहत्तर वर्षं आहे, तरी फिजिओकडे जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ओटीकडे जाता येतं हे कुणी सांगितलेलं नसतं. मोठ्या सरकारी आणि महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दोन्ही विभाग असतात का, ते केसपेपर काढतानाच विचारा.

पहिल्या भेटीत थेरपिस्टना दोन प्रश्न विचारा. नोंदणी आहे का? आणि फायब्रोमायल्जियाच्या पेशंटना तुम्ही काय करायला लावता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त ‘शेक देऊ, करंट देऊ, मशीन लावू’ असं आलं तर दुसरीकडे बघा. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं आणि त्यात वाईट काही नाही. पण महिनाभर रोज टेबलावर पडून करंट घ्यायचा आणि घरी काहीच करायचं नाही, यातून फायब्रोमायल्जियाच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. चांगला फिजिओ तुमच्याकडून थोडंसं करून घेतो आणि पुढच्या वेळी ते केलंत का हे विचारतो. दुसऱ्या टोकाचा फिजिओही टाळा, जो पहिल्याच दिवशी पाऊण तास घाम काढतो.

पहिली पायरी: सात दिवस फक्त लिहा

पहिला आठवडा काहीही बदलू नका. एक साधी वही घ्या आणि दिवसातून तीनदा, जेवणांच्या वेळी, दोन ओळी लिहा: गेल्या काही तासांत काय केलं, किती वेळ सलग केलं, आणि आता अंग कसं आहे. अंगासाठी ‘ठीक’, ‘दुखतंय’, ‘फार दुखतंय’ एवढे तीनच शब्द पुरेत. दर तासाला दहापैकी किती दुखतंय हे मोजत बसू नका, त्याने लक्ष दिवसभर दुखण्यावरच राहतं.

आठवड्याने वही उलट वाचा. ‘फार दुखतंय’ लिहिलेला दिवस शोधा आणि त्याच्या आदल्या दिवशी, किंवा दोन दिवस आधी, काय केलं होतं ते बघा. तिथे बहुतेक वेळा ‘ठीक’ लिहिलेलं असतं आणि त्यापुढे कामांची लांबलचक यादी. काकूंच्या वहीत मंगळवारी लिहिलं होतं: ‘ठीक. पडदे धुतले. कपाट आवरलं. बँकेत जाऊन आले.’ बुधवार रिकामा. गुरुवारी एकच शब्द, ‘फार’. त्यांनी स्वतःच मंगळवारवर बोट ठेवलं. मला काही सांगावं लागलं नाही.

दुसरी पायरी: स्वतःचं माप काढा

आता एकेका कामाची बेसलाइन काढायची. बेसलाइन म्हणजे चांगल्या आणि वाईट, दोन्ही दिवशी जमेल एवढं काम.

समजा, चालणं. तीन वेगवेगळ्या दिवशी चाला आणि दुखणं वाढायला लागलं की थांबा. ८ मिनिटं, १४ मिनिटं, ११ मिनिटं अशी नोंद झाली. बेरीज ३३, सरासरी ११. त्यातून एक पंचमांश कमी करा, साधारण ९ उरतात. तुमची बेसलाइन ९ मिनिटं. ओट्याशी उभं राहणं, खुर्चीत बसून संगणकावर काम, स्कूटर चालवणं, मुलाला कडेवर घेणं, ज्या कामाने तुमचं बिनसतं त्या प्रत्येकाचं असं माप काढा. काकूंचं ओट्याशी उभं राहण्याचं माप १६ मिनिटं निघालं. त्या हिरमुसल्या. “सोळा मिनिटांत काय होतं, मॅडम?” मी म्हटलं, सध्या अठ्ठेचाळीस तास काहीच होत नाही, त्यापेक्षा सोळा मिनिटं दिवसातून पाच वेळा करून बघू.

आता सर्वांत अवघड भाग. बेसलाइन घड्याळावर चालते, अंगाच्या मर्जीवर नाही. नऊ मिनिटांचं माप असेल तर अंग छान वाटत असतानाही नऊ मिनिटांनीच परत फिरायचं. आणि सकाळी अंग जड असेल तरी नऊ मिनिटं चालायचंच, फार तर हळू. मोबाइलवर टायमर लावा. तो वाजला की हातातलं काम जिथे असेल तिथे ठेवा. तव्यावर पोळी असेल तर ती उतरवा, गॅस बंद करा, खुर्चीत बसा. ‘एवढी शेवटची करून घेते’ ही जी शेवटची असते ना, तिच्यामागे आणखी चार उभ्या असतात.

दोन आठवडे एकाच मापावर राहा. त्यानंतर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढवा, नऊ मिनिटांवर एक मिनिट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत दुखणं चढलेलंच राहिलं तर वाढ थोपवा, आधीच्या मापावर आणखी आठवडाभर थांबा. या वेगाने नऊ मिनिटांची वीस-पंचवीस मिनिटं व्हायला तीन-चार महिने सहज लागतात. लोकांना हा वेग सोसत नाही, मला माहीत आहे. पण घाई केलेले पेशंट सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन बसलेले मी पाहिले आहेत.

तिसरी पायरी: व्यायाम

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या शिफारशी सुधारल्या. औषधांसकट सगळे उपचार तपासून त्यांनी ज्या एकाच गोष्टीला ठाम पाठिंबा दिला, ती म्हणजे व्यायाम. दम वाढवणारा आणि ताकद वाढवणारा, असे दोन्ही प्रकार.

दमासाठी चालणं सगळ्यांत सोपं. वेग एवढाच की चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येणार नाही. सकाळी अंग आखडलेलं असतं, म्हणून उठल्या उठल्या चालायला जाऊ नका. आंघोळीच्या गरम पाण्याने अंग मोकळं झाल्यावर, साधारण दहा-अकराच्या सुमारास जमलं तर उत्तम. नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळ धरावी. उन्हाळ्यात किंवा पावसात घरातल्या घरात, पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या तरी चालतात. गरम पाण्याच्या टाकीतला व्यायाम या दुखण्याला फार मानवतो, पण तशी टाकी मोजक्या ठिकाणीच आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक तलावांचं पाणी थंड असतं. थंड पाण्यात उतरून अंग आखडून घेऊ नका.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस पुरतात, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून. सुरुवात अशी करा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून भिंतीवर हात टेकून दंड, पाच वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं, आठ वेळा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, पाच वेळा. एवढंच. दोन आठवड्यांनी एक-एक आकडा वाढवा. श्वास रोखू नका, आणि स्नायू थरथरायला लागण्याच्या आधी थांबा. रबरी पट्टा किंवा वजनं कधी आणायची ते फिजिओ ठरवतील.

ताण देण्याचे व्यायाम रोज चालतील, पण ओढून, झटके देऊन नकोत. मान, छाती, पोटऱ्या आणि मांडीचा मागचा भाग, प्रत्येक ठिकाणी वीस-तीस सेकंद, दोनदा.

योगासनं येत असतील तर जरूर करा, फक्त वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने नको. तुमचं बेसलाइनचं माप शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. सूर्यनमस्कार बाराच घातले पाहिजेत असा नियम नाही, दोन घातले तरी ते सूर्यनमस्कारच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ताई ची या संथ चिनी व्यायामाने नेहमीच्या दमाच्या व्यायामाइतका, काही बाबतींत त्याहून जास्त फायदा झाल्याचं दिसलं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जो व्यायाम तुम्ही वर्षभर कराल तो तुमच्यासाठी चांगला.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत दुखणं थोडं वाढल्यासारखं वाटतं. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकणं चालेल. तिसऱ्या दिवशीही तेवढंच दुखत असेल तर पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा, पण बंद करू नका. फरक कळायला तीन महिने द्या. बहुतेकांना आधी झोप आणि थकव्यात फरक दिसतो, दुखणं त्यामागून हळूहळू उतरतं.

चौथी पायरी: घरातलं काम नव्याने बसवणं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पेशंटचा दिवस इथेच जातो.

कागदावर दिवसभराची कामं लिहा आणि प्रत्येकापुढे जड, मध्यम किंवा हलकं लिहा. कणीक मळणं जड. भाजी चिरणं मध्यम. भाजी निवडणं हलकं. कपडे पिळणं जड, घड्या घालणं हलकं. मग दोन जड कामं पाठोपाठ येणार नाहीत अशी ओळ लावा. दिवसाला जास्तीत जास्त दोन जड कामं. आठवड्याचंही तसंच: बेडशीटा धुण्याच्या दिवशी मंडई नको.

कणीक. परातीत पीठ आणि कोमट पाणी नुसतं एकत्र करून झाकून ठेवा, वीस मिनिटांनी मळा. पीठ पाणी पिऊन मऊ झालेलं असतं, मळायला निम्मा जोरही लागत नाही. परात उंच ओट्यावर ठेवून खांदे वर करून मळू नका. जेवणाच्या टेबलावर ठेवा, म्हणजे कोपर सरळ राहतं आणि अंगाचा भार कामी येतो. पोळ्या लाटायला ओट्याशी उंच स्टूल ठेवा. त्याखालच्या कपाटाचं दार उघडं ठेवलं की गुडघे आत जातात आणि पाठ वाकत नाही. उभंच राहायचं असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवा आणि दर काही मिनिटांनी पाय बदला. बारा पोळ्या असतील तर सहा लाटून बसा, मग सहा.

चिरण्यासाठी विळी सोडा आणि टेबलावर सुरी-पाट घ्या. विळीवर एक पाय मुडपून वाकून बसावं लागतं, कंबर आणि नितंब त्यातच भरून येतात. सुरीची मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चढवा किंवा फडकं गुंडाळा. मूठ जाड झाली की बोटांना कमी आवळावं लागतं. हीच युक्ती झारा, कंगवा, पेन यांनाही लागू पडते. भरलेलं पातेलं सांडशीने एका हातात उचलणं मनगटाचा घात करतं. जाड फडकी घेऊन दोन्ही हातांनी उचला, किंवा उचलूच नका, ओट्यावरून सरकवा. पाच लिटरच्या कुकरऐवजी तीन लिटरचा वापरा, लागलं तर दोनदा लावा.

बादली अर्धीच भरा. नळीने भरता आली तर उचलायची वेळच येत नाही. ओले कपडे हातांनी पिळण्यापेक्षा नळाला गुंडाळून पिळा, जड चादरी नुसत्या निथळत ठेवा. वरच्या दांडीवर काठीने कपडे घालताना दोन्ही हात डोक्यावर जातात आणि मान मागे. त्यापेक्षा कमरेइतक्या उंचीचा घडीचा स्टँड घ्या. खाली वाकून केर काढण्याऐवजी लांब दांड्याचा झाडू, फरशी पुसायला दांड्याचं पोतेरं. सिलिंडरखाली चाकांची ट्रॉली. रोज लागणारे डबे खांदा आणि कंबर यांच्यामधल्या फळ्यांवर आणा, वर्षातून दोनदा लागणारी परात माळ्यावर जाऊ दे.

यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण दिवसातून पन्नास वेळा थोडं थोडं वाचवलेलं बळ संध्याकाळी हाती उरतं, आणि ते नातवाशी खेळायला वापरता येतं. माझ्या दृष्टीने ओटीचं काम तेच आहे. उरलेलं बळ लगेच दुसऱ्या घरकामात घालू नका, एवढी माझी विनंती.

विश्रांतीचंही माप ठेवा. दोन कामांच्या मध्ये पाच ते दहा मिनिटं पाठ टेका, डोळे मिटा, श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. मोबाइल बघत आडवं पडणं यात धरू नका, मान तशीच वाकलेली असते आणि डोकं दमतं. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांवर नको, आणि तीनच्या आत संपवा.

नोकरीच्या ठिकाणी अर्ध्या तासाने जागेवरून उठा, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवा. पाय लोंबकळत असतील तर खाली जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. लोकलने जाणाऱ्यांनी साहेबांशी बोलून अर्धा तास उशिरा येण्याची परवानगी मागावी. गर्दीत वरची कडी धरून चाळीस मिनिटं उभं राहणं हे दिवसाचं एक जड काम आहे, आणि ते ऑफिसात पोचण्याआधीच खर्ची पडतं.

घरच्यांशी बोलताना

‘काल तर बाजारात गेली होती, आज काय झालं?’ हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. विचारणारे वाईट नसतात. दुखणं दिसत नाही आणि दिवसागणिक बदलतं, त्यामुळे त्यांचाही गोंधळ होतो. एका भेटीला नवऱ्याला, सासूबाईंना किंवा मुलांना थेरपिस्टकडे सोबत आणा. तेच तुम्ही घरी सांगितलं तर रडगाणं वाटतं, तिसऱ्या माणसाने समजावलं तर ऐकलं जातं.

मदत मागताना काम ठरवून मागा. ‘मला कुणी मदतच करत नाही’ यावर कुणी हलत नाही. ‘रोज रात्री कुकर तू घासायचा’ हे कळतं. आणि घासलेल्या कुकरला वास राहिला तर त्या दिवशी तो तसाच राहू द्या. उठून पुन्हा घासायला जाणाऱ्या माझ्या ताया आणि काकू पुष्कळ आहेत, त्यांना मी हे हात जोडून सांगते.

झोप आणि औषधं

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. रोज एकाच वेळी उठा, रविवारीही. चार वाजताचा चहा शेवटचा. घोरणं जोरात असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याचा वेगळा इलाज आहे आणि तो केल्याशिवाय थकवा जात नाही.

प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधं काहींना उपयोगी पडतात. दुकानातून आणलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि किडनीला धोका मात्र असतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात, अशा प्रकारच्या जुनाट दुखण्यासाठी त्या सुरू करू नयेत असं म्हटलं आहे. पण चालू असलेलं कुठलंही औषध मनाने बंद करू नका. काही औषधं हळूहळूच उतरवावी लागतात.

पाचवी पायरी: वाईट दिवसांचा कागद

सगळं नीट करूनही दुखणं मधूनच उसळतं. पाहुणे, पावसाळी हवा, ताप, भांडण, परीक्षा, काहीही निमित्त पुरतं. त्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून बऱ्या दिवशीच एक कागद लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. काकूंच्या कागदावर असं आहे:

हे आधीही झालं होतं, चार-पाच दिवसांत उतरलं होतं.
चालणं बंद नाही. दोन दिवस निम्मी वेळ.
ताकदीचा व्यायाम दोन दिवस नाही, ताण देण्याचा चालू.
गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं.
पोळ्या बाहेरून. डबा मुलगा करेल.
तिसऱ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवत पाचव्या-सहाव्या दिवशी मूळ मापावर.
दहा दिवसांत उतरलं नाही किंवा वेगळंच दुखायला लागलं तर मॅडमना फोन.

पहिली ओळ त्यांनी स्वतः सुचवली. मी ती आता सगळ्यांच्या कागदावर लिहायला सांगते.

सणांचं वेळापत्रक

गौरी-गणपती आणि दिवाळी येण्याच्या महिनाभर आधी माझ्याकडे वेगळी भेट घ्या, असं मी सांगून ठेवते. पुढच्या वर्षी काकूंच्या घरी आम्ही कागदावर फराळ मांडला. करंज्या आणि अनारसे जवळच्या बचत गटाकडून. चिवडा दहा दिवस आधी, चुरमुरे-पोहे भाजायला नवरा. शेव नाहीच. चकल्या मात्र त्यांना स्वतःच करायच्या होत्या, त्यावर त्या हटून बसल्या, आणि मला ते पटलं. मग दोन किलोच्या ऐवजी एक किलो, तीन दिवसांत विभागून, जेवणाच्या टेबलाशी बसून. सोऱ्या फिरवायला मुलगा. तळणं सोळा-सोळा मिनिटांच्या खेपांनी, मध्ये दहा मिनिटं पाठ टेकून.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्यांना पुन्हा अगदी छान वाटत होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. खांदा हलका होता, पीठ सुरेख जमलं होतं, आणि सगळं आजच उरकावं असं फार वाटलं. टायमर वाजला तेव्हा कढईत चार चकल्या होत्या. त्यांनी तेवढा घाणा काढला, गॅस बंद केला आणि उरलेलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं.